पाण्यावर लागलेले दिवे

इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थंबरलंड परगण्यात रॉथबरी नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेरच्या खडकाळ डोंगरउतारावर क्रॅगसाइड नावाचे एक अवाढव्य घर उभे आहे. १८८० च्या डिसेंबरात या घराच्या ग्रंथालयात चार फुलदाण्या मांडल्या होत्या. त्यांत फुले नव्हती. प्रत्येकीच्या माथ्यावर काचेचा एक गोळा होता आणि गोळ्यात विजेचा दिवा जळत होता. दिवा विझवायचा झाला की फुलदाणी तिच्या बैठकीवरून उचलायची, आणि लावायचा झाला की परत जागेवर ठेवायची. काडी नको, तेल नको, काजळी नको. त्या काळी लंडनमधल्या धनवंतांच्या दिवाणखान्यांतही गॅसच्या बत्त्या जळत होत्या आणि त्यांच्या धुराने छताची नक्षी काळवंडत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या चार फुलदाण्यांचे नवल कळते.

या घराचा मालक विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रावर उतरलेला अमेरिकन येतो. पण त्याच्या आधी शंभर वर्षे याच आडनावाचा दबदबा टोकियोपासून चिलीपर्यंत होता, आणि तो दिव्यांमुळे नव्हे, तोफांमुळे होता. एकाच माणसाच्या हातून हे दोन्ही कसे झाले, हा प्रश्न मला त्याचे चरित्र वाचताना सारखा टोचत राहिला. हा लेख त्या टोचणीतून लिहिला आहे.

आर्मस्ट्राँगचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० रोजी टाइन नदीकाठच्या न्यूकॅसल शहरी झाला. वडील धान्याचे व्यापारी. पुढे ते शहराचे महापौरही झाले. मुलगा प्रकृतीने नाजूक, म्हणून हवापालटासाठी त्याला रॉथबरीला नेत. तेथल्या कोकेट नदीवर गळ टाकून बसणे हा त्याचा लहानपणापासूनचा नाद, आणि हा नाद त्याला जन्मभर पुरला. यंत्रांची ओढही लहानपणचीच. परंतु वडिलांच्या मनात त्याने वकील व्हावे असे होते आणि त्यांचे स्नेही आर्मरर डॉन्किन हे नामांकित वकील होते. झाले! मुलाने मुकाट्याने कायद्याचा अभ्यास केला, डॉन्किनच्या पेढीत भागीदार झाला आणि दहाबारा वर्षे दस्तऐवजांत घालवली. १८३५ साली त्याने मार्गारेट रॅमशॉ हिच्याशी विवाह केला. त्यांना मूल झाले नाही.

वकिलीच्या त्या काळात दोन गोष्टी घडल्या. पहिली पाण्याची. डोंगरदऱ्यांत मासे धरायला गेला असता डेंटडेल येथे त्याने संगमरवराच्या खाणीसाठी चालणारे एक पाणचक्र पाहिले. डोंगरावरून शेकडो फूट कोसळणाऱ्या ओढ्यातली अगदी थोडी शक्ती ते चक्र पकडत होते. बाकीची खळाळत वाया जात होती. दुसऱ्या कोणी गळाकडे लक्ष दिले असते. याने घरी येऊन हिशेब मांडला. बंद नळात पाण्याचा दाब साठवून ठेवला तर त्यावर यंत्रे चालतील, असा त्याचा निष्कर्ष होता. यातूनच न्यूकॅसलच्या धक्क्यावर १८४६ च्या सुमारास पाण्याच्या दाबाने चालणारी यारी उभी राहिली, आणि १८४७ मध्ये त्याने वकिली सोडून एल्स्विक येथे कारखाना काढला. बंदरातल्या याऱ्या, गोद्यांचे दरवाजे, फिरते पूल यांची यंत्रे या कारखान्यातून जगभर गेली. १८९४ मध्ये खुला झालेला लंडनचा टॉवर ब्रिज उघडत असे, तोही याच कारखान्याच्या यंत्रांनी.

दुसरी गोष्ट विजेची. १८४० मध्ये न्यूकॅसलजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर बाष्पयंत्राच्या बॉयलरमधून वाफ गळत होती. एका कामगाराने एक हात वाफेत आणि दुसरा लोखंडी दांड्यावर ठेवला, तो त्याला झटका बसला आणि ठिणगी उडाली. ही हकीकत कानी येताच वकीलसाहेब खाणीवर हजर. फटीतून सुटणाऱ्या वाफेच्या घर्षणाने वीज निर्माण होते हे त्यांनी ताडले आणि काचेच्या पायांवर बॉयलर उभा करून लांबलांब ठिणग्या पाडणारे यंत्रच बनवले. न्यूकॅसलच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याचे प्रयोग झाले, तेव्हा गर्दी इतकी लोटली की व्याख्यात्याला खिडकीतून आत यावे लागले असे सांगतात. १८४६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. तोवर त्याचा धंदा वकिलीचाच होता!

पाणी आणि वीज या दोन धाग्यांतून पुढे क्रॅगसाइडचे दिवे विणले गेले. पण मध्ये तोफ आली.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंकरमनच्या लढाईत इंग्रजांच्या अवजड तोफा ओढून जागेवर न्यायला सैनिकांना जिवाचे रान करावे लागले. ही बातमी वाचून आर्मस्ट्राँगने हलकी, दूर मारा करणारी, मागून गोळा भरण्याची आणि आतून पेचदार आटे पाडलेली तोफ तयार केली. तिचे सर्व हक्क त्याने सरकारला मोबदल्यावाचून दिले, आणि १८५९ मध्ये त्याला सर हा किताब मिळाला. १८६० मध्ये चीनमधील युद्धात या तोफा वापरल्या गेल्या. पुढे सरकारने एल्स्विकची मागणी थांबवली आणि १८६३ मध्ये आर्मस्ट्राँग सरकारी पदावरून बाजूला झाला. कारखाना, कारागीर, यंत्रे तर तयार होती. मग त्याने इतर देशांना तोफा विकण्यास सुरुवात केली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तर दोन्ही पक्षांना.

१८६३ हे वर्ष मी माझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्रज आरमाराने जपानमधील कागोशिमा शहरावर आर्मस्ट्राँग तोफांचा मारा केला आणि शहराचा बराच भाग जळाला. त्याच ऑगस्टमध्ये न्यूकॅसल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून हाच आर्मस्ट्राँग सांगत होता की इंग्लंड आपला कोळसा उधळेपणाने जाळत आहे आणि दोनेक शतकांत तो संपेल. वाहत्या पाण्याकडे आणि सूर्याच्या उष्णतेकडे वळले पाहिजे असा त्याचा आग्रह असे. उष्ण कटिबंधातल्या एक एकर जमिनीवर पडणारे ऊन किती हजार घोड्यांचे काम करील याचाही त्याने हिशेब मांडला होता. कोळशाच्या गावात, कोळशावर श्रीमंत झालेल्यांसमोर हे बोलायला छाती लागते. आणि त्याच वर्षी त्याने रॉथबरीजवळ जमीन घेतली. लहानपणच्या नदीकाठी सुट्टीत येऊन राहण्याजोगे एक लहान घर बांधावे एवढाच तेव्हा विचार होता.

लहान घर मोठे होत गेले. १८६९ पासून नॉर्मन शॉ या वास्तुशिल्पज्ञाने त्यात खोल्यांवर खोल्या, मनोरे आणि धुराडी चढवली. उजाड डोंगरावर मार्गारेटच्या देखरेखीखाली लाखो झाडे लागली. तिच्याविषयी चरित्रकार फारसे लिहीत नाहीत याचे मला वाईट वाटते. घराचा तो खडक-बगीचा पाहिला तर बाई नवऱ्याइतकीच हट्टी असावी. आर्मस्ट्राँगने ओढे अडवून तळी केली. तळ्याच्या पाण्याच्या दाबावर घरातला पाळणा वरखाली होई आणि वरच्या मजल्यावरच्या शेगड्यांसाठी कोळसा वाहून नेई. स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळई पाण्याने फिरे. आज आपण ज्याला स्वयंचलित घर म्हणतो, त्याची ही पहिली आवृत्ती. नोकरांची पाठ त्यामुळे थोडी वाचली. मात्र नोकरांच्या या कैवाऱ्याने १८७१ मध्ये एल्स्विकच्या कामगारांनी नऊ तासांचा दिवस मागितला तेव्हा पाच महिने संप चालू दिला, आणि शेवटी मालकांना नमावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

आता दिव्यांकडे येतो. १८७८ मध्ये आर्मस्ट्राँगने डेब्डन ओढ्याच्या तळ्याखाली एक जलचक्की बसवली आणि तिच्यावर सीमेन्सचे वीजयंत्र चालवून घरातल्या चित्रदालनात एक कमानी दिवा लावला. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची झोत पेटवणारा हा दिवा रस्त्यावर किंवा दीपगृहात शोभावा असा होता. घरात तो डोळ्यांना सहन होत नसे आणि एका दिव्याचे दहा लहान दिवे करता येत नसत. विजेचा उजेड वाटून कसा द्यावा हेच त्या काळच्या शास्त्रज्ञांपुढचे कोडे होते. ते सुटले न्यूकॅसलमध्येच. जोसेफ स्वान हा त्याच गावचा रसायनतज्ज्ञ. निर्वात काचगोळ्यात कार्बनचा बारीक तंतू तापवून त्याने सौम्य, स्थिर दिवा तयार केला आणि ज्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीचा आर्मस्ट्राँग अध्यक्ष होता तिच्याच सभागृहात १८८० च्या ऑक्टोबरात त्याचा उजेड पाडून दाखवला. दोन महिन्यांत ते दिवे क्रॅगसाइडला लागले. धरणाच्या पाण्यावर केलेल्या विजेने उजळलेले जगातले हे पहिले घर.

१८८१ च्या जानेवारीत आर्मस्ट्राँगने एका अभियांत्रिकी नियतकालिकाला पत्र लिहून सारी व्यवस्था समजावून दिली. मी कला शाखेचा विद्यार्थी. विद्युत्प्रवाह म्हटले की मला घाम फुटतो. पण ते पत्र मला समजले, यावरून लिहिणाऱ्याची लेखणी किती साफ असेल ते पाहा. वीजयंत्र घरापासून पंधराशे यार्डांवर, म्हणजे पाऊण मैलाहून जास्त दूर. तेथून जाड तांब्याच्या तारेने प्रवाह घरात आणलेला. घरात एकूण ४५ दिवे, पण यंत्राची ताकद एका वेळी ३७ दिव्यांची. मग उरलेल्या आठांचे काय? खटके अशा तऱ्हेने जोडले होते की एका दालनातला प्रवाह काढून दुसऱ्या दालनाला देता येई. जेवणे उरकून मंडळी उठली की तिथला उजेडही त्यांच्याबरोबर उठून पुढच्या खोलीत जाई. सगळीकडे झगमगाट नको, जिथे माणूस आहे तिथे दिवा हवा, हे त्यामागचे सूत्र.

आणि त्या फुलदाण्या! त्या तांब्याच्या, वरून मीनाकारी केलेल्या. तांबे विजेला वाट देते, म्हणून फुलदाणीचे अंग हीच परतीची तार. आत जाणाऱ्या प्रवाहासाठी धातूच्या बैठकीच्या मधोमध पाऱ्याची लहानशी वाटी ठेवलेली. दिव्यापासून निघालेली तार फुलदाणीच्या पोटातून येऊन बुडातल्या भोकातून बाहेर डोकावे आणि तिचे उघडे टोक पाऱ्यात बुडे. फुलदाणी उचलली की टोक पाऱ्याबाहेर आले आणि वाट तुटली. ठेवली की वाट जुळली. सारे रहस्य एवढेच. घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात फुलदाणी देऊन तो कसा दचकतो हे म्हातारा मिशीत हसत पाहत असेल, असे मला आपले वाटते. पत्रात त्याने अभिमानाने नोंदले आहे की घर ओढाच उजळतो, त्यात जळून खर्च होते असे काहीच नाही.

या पत्राकडे माझे लक्ष वळण्याचे कारण आमच्या मावशीच्या घरी घडलेला एक वाद. मावसभावाने नव्या घरात मोबाइलवरून चालणारे दिवे बसवायचे ठरवले. दिवे झटकन मिळाले. ते चालवणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर मात्र पंधरा दिवस खल झाला. मला समजले ते असे. एक मार्ग दिवे बनवणाऱ्या कंपनीचा. आपण फोनवर बोट ठेवतो, हुकूम इंटरनेटवरून कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या संगणकाकडे जातो, तिथून परत येतो आणि मग दोन हातांवरचा दिवा लागतो. बसवायला सोपा. पण इंटरनेट गेले की फोन हातात आणि अंधार समोर. कंपनीने ती सेवा गुंडाळली तर दिवे चांगले असून मुके. दुसरा मार्ग होम असिस्टंट किंवा ओपनहॅबसारख्या फुकट मिळणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरचा. घरातच एक लहानसा संगणक ठेवायचा आणि सूर्य मावळला की ओट्यावरचा दिवा लाव, खोलीत कोणी नसेल तर पंख्यासकट बंद कर, असे नियम त्याला शिकवायचे. हुकूम घराचा उंबरठा ओलांडत नाही, पण शिकवण्याची मेहनत आपली आणि बिघडले तर निस्तरणेही आपलेच. भावाने दुसरा मार्ग घेतला. मावशीने दोन्ही मार्ग ऐकून घेतले आणि भिंतीवरचे एकही बटण काढू दिले नाही. माझ्या मते मावशीचे बरोबर होते. दिवा लावणाऱ्या हाताला दिव्यापर्यंतची वाट दिसली पाहिजे. आर्मस्ट्राँगच्या फुलदाणीत ती इतकी दिसत होती की बोटाने दाखवावी.

मात्र याच माणसाला तोफेची वाट दिसत नव्हती, की ती पाहायची नव्हती? आपल्या धंद्यावर टीका झाली तेव्हा त्याने जे उत्तर दिले त्याचा आशय असा की सृष्टीतल्या शक्तींना माणसाच्या इच्छेपुढे वाकवणे हे अभियंत्याचे काम, आणि आम्ही दिलेल्या साधनांचा योग्य वापर करण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. हे उत्तर मी कितीदा तरी वाचले. ते लबाडाचे उत्तर नाही. त्याला ते मनापासून पटलेले असावे. पण ज्याने ३७ दिव्यांचा प्रवाह कोणत्या वेळी कोणत्या खोलीत जाईल याचा बारकाईने बंदोबस्त केला, त्याने हजारो तोफांच्या बाबतीत खटका दुसऱ्याच्या हाती आहे एवढेच म्हणून थांबावे, हे मला मानवत नाही. आमच्या एका प्राध्यापकांचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, एल्स्विकने तोफा केल्या नसत्या तर जर्मनीच्या क्रुपने केल्याच असत्या, आणि न्यूकॅसलच्या हजारो घरांत चूल पेटली नसती. या युक्तिवादाला खोटे म्हणता येत नाही. पण चोराच्या बाबतीत आपण तो मान्य करीत नाही.

आणि दिवे व तोफा एकमेकांपासून तितके दूर नव्हतेही. १८८४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडचे युवराज आणि त्यांच्या पत्नी क्रॅगसाइडला आले, तेव्हा डोंगरउतारावर दहा हजार पणत्यांसारखे काचेचे दिवे मांडले होते आणि घर विजेने झळाळत होते. पुढे पाहुण्यांची रीघच लागली. १८८९ मध्ये इराणचा शहा, १८९६ मध्ये चीनचे मुत्सद्दी ली हुंग-चांग, १८९७ मध्ये सयामचा राजा. ज्या चीनवर १८६० मध्ये या तोफा चालल्या, त्याच चीनचा मंत्री एल्स्विकचा गिऱ्हाईक म्हणून आला. कागोशिमा जळालेले पाहणाऱ्या जपाननेही पुढे एल्स्विककडून युद्धनौका घेतल्या, आणि १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात रशियाचे आरमार बुडवणाऱ्या ताफ्यात असामा, इझुमो अशा तिथे बांधलेल्या नौका होत्या. दिवे दाखवून तोफा विकल्या असे म्हणणे हा अन्याय होईल. पण ओढ्याच्या पाण्यावर उजळलेल्या जेवणघरात बसलेल्या राजाला, या माणसाची यंत्रे आपली आज्ञा पाळतील, असा भरवसा वाटला नसेल काय?

१८८६ मध्ये बर्नफुट येथे जास्त उंचीवरून पाणी आणून मोठे वीजघर उभे राहिले आणि दिव्यांची वाटणी करण्याची निकड कमी झाली. १८८७ मध्ये आर्मस्ट्राँग लॉर्ड झाला. न्यूकॅसल शहराला त्याने जेस्मंड डीन हे वनराजीचे खोरे देऊन टाकले. इस्पितळे, शाळा, महाविद्यालय यांना सढळ हाताने पैसा दिला. १८९३ मध्ये मार्गारेट वारली. त्यानंतर म्हाताऱ्याने समुद्रकाठचा बँबरोचा पडका किल्ला विकत घेऊन दुरुस्तीला काढला. पण त्याचे मन पुन्हा विजेकडेच वळले होते. तरुणपणी खाणीवरच्या वाफेत पाहिलेल्या ठिणगीचा पिच्छा त्याने सोडला नव्हता. ऐंशीच्या पुढे वय असताना क्रॅगसाइडच्या प्रयोगशाळेत हवेतल्या आणि पाण्यातल्या विजेच्या हालचालींची छायाचित्रे घेऊन १८९७ मध्ये त्याने त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या चित्रांत ठिणग्यांचे तुरे फुलांसारखे उमललेले आहेत. तोफांवर असा ग्रंथ त्याने म्हातारपणी लिहिला नाही.

२७ डिसेंबर १९०० रोजी, नव्वदाव्या वर्षी, क्रॅगसाइडमध्येच त्याचा मृत्यू झाला. रॉथबरीच्या चर्चच्या आवारात मार्गारेटशेजारी त्याला पुरले. घर बहिणीच्या नातवाकडे गेले. १९७७ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हाती आले आणि १९७९ पासून लोकांना पाहण्यास खुले झाले. २०१४ मध्ये ट्रस्टने टंबलटन तळ्याच्या कडेला सतरा मीटर लांबीचा एक मोठा पेचदार स्क्रू बसवला. तळ्याचे पाणी त्यातून उतरताना तो सावकाश फिरतो आणि घरातल्या दिव्यांना पुन्हा पाण्याची वीज मिळते. ग्रंथालयातल्या फुलदाण्याही आहेत. त्या उचलून पाहण्याची मुभा आता पाहुण्यांना नाही.